प्रोलाँग म्हणजे नक्की काय लांबवायचं?

आजी मिरजेला हॉस्पिटलमध्ये होती, माझं रविवार रात्रीचं पुण्याला परतायचं तिकीट होतं आणि डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस तरी ठेवावं लागेल, म्हणून तिथेच जिन्यात बसून मोबाइलवरून मॅनेजरला मेल टाकला, "आय वुड लाइक टु प्रोलाँग माय लीव्ह बाय टू डेज." दहा मिनिटांत उत्तर आलं. सुट्टी मंजूर, आजीची काळजी घे, आणि सगळ्यात खाली एक ओळ, "बाय द वे, एक्स्टेंड. नॉट प्रोलाँग."

डोकंच फिरलं माझं. इकडे आजीला सलाइन लागलंय आणि हा माझं इंग्लिश तपासतोय. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना, कारण डिक्शनरीत दोन्ही शब्दांपुढे 'लांबवणे, वाढवणे' असंच दिलेलं असतं, मग एक चालतो आणि दुसरा खटकतो हे कसं काय? आजी घरी आली (आता मस्त आहे, सुपारी परत सुरू केलीये), मी पुण्याला आलो आणि मग या एका शब्दामागे बरेच दिवस लागलो. जे सापडलं ते इथे पायरी पायरीने लिहितोय, मराठी मीडियममधून शिकून आता दिवसभर इंग्लिशमध्ये मेल लिहायला लागणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. व्याकरणाचं पुस्तक लागणार नाही, एक पेन आणि मागची बाजू कोरी असलेला कुठलाही कागद घ्या, बास.

पायरी १: आधी एक रेघ काढा

कागदावर आडवी रेघ काढा, डाव्या टोकाला 'सुरू' लिहा आणि उजव्या टोकाला 'संपलं'. ही तुमची मीटिंग समजा, किंवा लग्न, आजारपण, पावसाळा, काहीही.

आता फक्त उजवं टोक पुढे ओढा, डावं जागचं हलवू नका. हे झालं प्रोलाँग. गोष्ट सुरू झालेलीच आहे किंवा ठरल्या वेळी सुरू होतेय, फक्त ती जेव्हा संपायला हवी होती तेव्हा संपत नाहीये कारण कोणीतरी किंवा कशानेतरी तिला पुढे ओढलंय.

आता दुसरी रेघ काढा आणि अख्खी रेघच उचलून उजवीकडे सरकवा. लांबी तेवढीच, जागा बदलली. हे पोस्टपोन. लॅटिनमध्ये पोस्ट म्हणजे नंतर आणि पोनेरे म्हणजे ठेवणे, नंतर ठेवलं, संपला विषय.

हे इतकं सोपं असताना आपण का गडबडतो, तर त्याचं कारण मराठीत आहे. आपल्याकडे 'लांबणे' हा एकच शब्द दोन्ही रेघांना चालतो. परीक्षा लांबली म्हणजे पुढे गेली, ती तीन तासांऐवजी पाच तास चालली असं कोणीच समजत नाही. पण सभा लांबली म्हणजे संपता संपेना. लग्न लांबलं म्हणजे यंदा नाही, पुढच्या सीझनला. भाषण लांबलं म्हणजे जेवणं थंड झाली.

आणि सगळ्यात भारी उदाहरण पावसाचं. मुंबईत मान्सून यायची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आणि परत जायची ८ ऑक्टोबर. आता 'पाऊस लांबला' हे एकच वाक्य जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बोललात तर पेरण्या खोळंबल्यात, अजून थेंब नाही असा अर्थ, आणि तेच ऑक्टोबरच्या शेवटी बोललात तर सोयाबीन शेतात भिजतंय, पाऊस जायचं नाव घेत नाही असा अर्थ. शब्द तोच, अर्थ बरोब्बर उलटा! आपल्याला कॅलेंडर माहीत असतं म्हणून कधी अडत नाही. इंग्लिशमध्ये मात्र जूनच्या वाक्याला डिलेड लागेल आणि ऑक्टोबरच्या वाक्याला प्रोलाँग्ड, तिथे अदलाबदल केलीत तर समोरच्याला वेगळाच पावसाळा दिसेल.

तर पहिला नियम, मराठी वाक्यात 'लांब' दिसलं की लगेच इंग्लिश शब्द शोधायचा नाही, आधी रेघेचं कुठलं टोक हललं ते बघायचं.

पायरी २: लांबलं की लांबवलं?

ही चूक मी कितीतरी वर्षं केली आणि मला कोणी सांगितलंच नाही. "सॉरी, द मीटिंग प्रोलाँग्ड" असं मी बिनदिक्कत लिहायचो. चुकीचं आहे ते. प्रोलाँगला कर्म लागतं, म्हणजे हा 'लांबवणे' आहे, 'लांबणे' नाही. कोणीतरी मीटिंग प्रोलाँग केली असं चालेल, मीटिंग वॉज प्रोलाँग्ड असं चालेल, पण मीटिंग आपली आपण प्रोलाँग होत नाही. मीटिंग आपोआप लांबली असं म्हणायचं असेल (आणि कोणाचं नाव घ्यायचं नसेल, ऑफिसात बहुतेक वेळा तेच हवं असतं) तर वेंट ऑन, रॅन ओव्हर, किंवा वैतागून ड्रॅग्ड ऑन.

लक्षात ठेवायला सोपं आहे. मराठी वाक्यात 'व' येतोय का बघा. लांबवली, लांबवलं, लांबवतोय, तर प्रोलाँगचा विचार करा. 'व' नसेल तर नको.

पायरी ३: शब्द फोडून बघा

इथे जरा निवांत बसू, कारण खरी मजा इथे आहे.

प्रोलाँगचे दोन तुकडे. प्रो म्हणजे पुढे आणि लाँग म्हणजे लांब. लॅटिनमध्ये लाँगुस हे विशेषण, त्यावरून उत्तरकाळातल्या लॅटिनमध्ये प्रोलाँगारे असं क्रियापद झालं, पुढे लांब करणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये शिरलं, साधारण १५ व्या शतकाच्या सुरुवातीला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर कित्येक शतकं तिथल्या कोर्टकचेरीत आणि दरबारात फ्रेंच चालायची, त्यामुळे असे गठ्ठ्याने शब्द त्यांच्याकडे आलेत, आपल्याकडे कसे तारीख, मुदत, अर्ज, हजर हे फारसी-अरबीतून आले आणि आता घरचेच झाले, तसंच.

बरं, हे कुठल्याही डिक्शनरीत मिळेल. मला जे बघून उडायला झालं ते पुढे आहे. हा लॅटिनमधला लाँगुस आणि आपल्या संस्कृतमधला दीर्घ हे सख्खे भाऊ आहेत! दोन्ही एकाच फार जुन्या मूळ शब्दातून आले, त्यात सुरुवातीला द होता आणि त्याला चिकटून ल. लॅटिनमध्ये सुरुवातीचा द गळून पडला आणि ल राहिला. संस्कृतमध्ये द राहिला आणि ल चा र झाला. ग्रीकमध्ये दोन्ही टिकले, तिथे हाच शब्द डोलिकोस असा आहे, प्राचीन ऑलिम्पिकमधल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचं नावच डोलिकोस होतं. आणि आपल्या ताटातल्या वालाचं जुनं शास्त्रीय नाव काय, तर डोलिकॉस लॅबलॅब. तोच शब्द. बिरड्याच्या उसळीत ग्रीक धावपटू निघेल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यावर थांबत नाही. फारसीमध्ये हाच शब्द दराज झाला. उम्रदराज म्हणजे वयाने मोठा, आयुष्य लांबलेला. गुलबर्ग्याच्या सूफी संत ख्वाजा बंदेनवाजांच्या नावापुढे गेसूदराज लागतं, म्हणजे लांब केसांचे, त्यातला दराज हाच. रशियनमध्ये दोल्गी म्हणजे लांब, मॉस्कोच्या इतिहासात ज्या राजाचं नाव सगळ्यात आधी येतं तो युरी दोल्गोरुकी, म्हणजे लांब हातांचा, आपल्या भाषेत दीर्घबाहू. आणि बंगालीत रेखांशाला द्राघिमा म्हणतात, ते दीर्घवरूनच झालेलं नाम आहे, इकडे इंग्लिशमध्ये रेखांशाला लाँजिट्यूड, ते लाँगुसवरून. दोघांनी लांबीवरूनच नाव ठेवलं आणि दोघांचं मूळ एकच निघालं.

आता दुसरा तुकडा, प्रो. हा कोणाचा भाऊ असेल? आपल्या 'प्र'चा. प्रगती, प्रस्थान, प्रवाह मधला प्र, पुढे या अर्थाचा.

मग प्रो आणि लाँग जोडा, आणि प्र आणि दीर्घ जोडा.

प्रदीर्घ.

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो हे लक्षात आलं तेव्हा, समोरच्याला म्हटलं अरे प्रोलाँग म्हणजे प्रदीर्घ, तो म्हणाला हो अर्थ तोच आहे ना, मी म्हटलं अर्थ नाही रे, शब्द! तुकड्याला तुकडा! त्याने फार काही मनावर घेतलं नाही. पण विचार करा, 'प्रदीर्घ आजाराने निधन' असं पेपरात आपण लहानपणापासून वाचतो आणि इंग्लिश पेपरात त्याच जागी आफ्टर अ प्रोलाँग्ड इलनेस असतं. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही हां, एवढं नीट समजून घ्या, नाहीतर उद्या कोणीतरी फॉरवर्ड टाकेल की इंग्लिश संस्कृतमधून निघालं. दोघांनी आपापल्या घरात, आपापल्या काळात, आजोबांकडून आलेल्या दोन वस्तू एकमेकींना जोडल्या आणि जोडणी सारखीच झाली.

पायरी ४: 'लांब' हा भाऊ नाही

हा सापळा आहे आणि यात सगळे पडतात. लाँग आणि लांब ऐकायला इतके सारखे आहेत की कोणालाही वाटेल हेच नातं. नाहीये. आपला लांब आला संस्कृत लंब् या धातूवरून, त्याचा मूळ अर्थ लटकणे. लंबक बघा, घड्याळाचा, लटकतोच ना. अवलंबून असणे म्हणजे कोणावर तरी लटकून असणे. लटकलेली वस्तू खाली लांब होते म्हणून लांब.

आणि विलंब पण त्यातलाच, म्हणजे काम लटकलंय. सरकारी ऑफिसात गेलेल्या माणसाला याची व्युत्पत्ती वेगळी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे २००५ चा जो कायदा आहे बदल्यांचा आणि कामातल्या विलंबाचा, त्याच्या लांबलचक अधिकृत नावात विलंब हा संस्कृत शब्द आहे आणि लोकांच्या तोंडी मात्र तो दफ्तर दिरंगाई कायदा, दिरंगाई फारसीतून आलेला. फाइल दोन्ही भाषांत तेवढीच लटकते.

तर व्युत्पत्ती शोधताना नवीन माणसाने एवढं पाळायचं, आवाज जुळला म्हणून नातं जोडायचं नाही. लाँग-लांब सारखे दिसतात आणि परके आहेत, लाँग-दीर्घ अजिबात सारखे दिसत नाहीत आणि भाऊ आहेत. बघायचं असतं ते बदल नियमाने होतोय का, म्हणजे जिथे लॅटिनमध्ये ल तिथे संस्कृतमध्ये र असं अजून कुठे दिसतं का. दिसतं. लॅटिनमध्ये लुक्स म्हणजे उजेड, संस्कृतमध्ये रुच् म्हणजे चमकणे. पुन्हा ल च्या जागी र. अशा जोड्या एकामागून एक मिळायला लागल्या की मग नातं पक्कं धरतात.

पायरी ५: घरातली बाकीची मंडळी

एक शब्द पाठ करण्यापेक्षा त्याचं खानदान ओळखीचं करून घेतलं की आपोआप राहतो डोक्यात. लाँगुसच्या घरात इलाँगेट आहे (खेचून लांब करणे, हे बहुतेक आकाराचं, वेळेचं नाही), ऑब्लाँग आहे (लांबट), आणि जिममध्ये ट्रेनर ज्या लंजेस मारायला लावतो त्यासुद्धा इथल्याच, फ्रेंचमध्ये अलाँजे म्हणजे लांबवणे, पाय पुढे लांब टाकायचा म्हणून लंज. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना व्युत्पत्ती जाणवते.

घरात एक चोर पण आहे. परलॉइन, म्हणजे गुपचूप लांबवणे. प्रोलाँगचाच जुना फ्रेंच अवतार, आधी अर्थ होता दूर ठेवणे, पुढे ढकलणे, मग दूर नेणे, मग घेऊन पळणे. आणि गंमत बघा, मराठीत पण 'पाकीट लांबवलं' म्हणजे चोरलंच! चोरी म्हणजे वस्तू मालकापासून लांब नेणे, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापलं सुचलं. हा योगायोग मला प्रदीर्घपेक्षा जास्त आवडतो खरं तर.

जी मंडळी लॅटिनमधून न येता मूळची इंग्लिश घरातली आहेत त्यात लेंग्थन (लांब करणे) आणि लिंगर. लिंगर म्हणजे रेंगाळणे, त्याच्या मागे जुन्या इंग्लिशमधला लेंगन आहे, अर्थ लांबवणे. शिवाय गोव्यात कार्निव्हल संपला की ईस्टरपर्यंत जो लेंट (उपवासाचा काळ) पाळतात, तो इंग्लिश शब्दसुद्धा याच घरातला, मूळ अर्थ वसंत ऋतू, कारण तेव्हा दिवस लांबत जातात.

पायरी ६: शेजारी ओळखा, नाहीतर मेल चुकेल

आता माझ्या मॅनेजरच्या ओळीकडे येऊ. एक्स्टेंड आणि प्रोलाँग.

एक्स्टेंड म्हणजे ताणणे, आणि हे नुसतं भाषांतर नाही, लॅटिन तेंदेरे आणि आपल्या ताणणे मागचा संस्कृत तन् धातू एकाच मुळाचे आहेत. तंतू, तान, ताण सगळे तिथले. एक्स्टेंड जिथे एक ठरलेली हद्द असते तिथे बसतो. मुदत, व्हिसा, लीव्ह, रिटर्न भरायची शेवटची तारीख, भाडेकरार, कंपाउंड वॉल. मराठीत जिथे 'मुदतवाढ' म्हणता येईल तिथे डोळे मिटून एक्स्टेंड. माझी सुट्टी म्हणजे एचआरच्या सिस्टिममधली एक तारीख होती, ती दोन घरं सरकवायची होती. एक्स्टेंडच.

प्रोलाँग मात्र तारखेचा नाही, अवस्थेचा आहे. जे चालू आहे ते चालूच राहणं. आयुष्य, दुखणं, युद्ध, त्रास, आनंद, मुक्काम. म्हणजे मी मिरजेतला माझा स्टे प्रोलाँग केला असं लिहिलं असतं तर कोणी काही बोललं नसतं, लीव्ह प्रोलाँग केली म्हटल्यावर खटकलं. व्याकरण चुकलं नव्हतं, शब्दाची जागा चुकली होती. आणि प्रोलाँगला बऱ्याचदा एक छटा असते की हे जेवढं चालायला हवं त्यापेक्षा जास्त चाललंय, प्रोलाँग्ड म्हटलं की पुढे बहुतेक वेळा काहीतरी नकोसंच येतं, इलनेस, ड्रॉट, स्ट्राइक. पावसाने ओढ दिली की इंग्लिश पेपरात प्रोलाँग्ड ड्राय स्पेल येतो. चांगल्या गोष्टींबरोबर येत नाही असं नाही, बॅटरीचं आयुष्य प्रोलाँग करतात, पण मॅनेजरला सुट्टीच्या अर्जात ती छटा कशाला दाखवायची.

क्रिकेटवरून पटकन कळेल. आघाडी एक्स्टेंड होते, कारण तो आकडा आहे. शेवटचा बॅट्समन तासभर प्लेड करत उभा राहतो तेव्हा तो डाव प्रोलाँग करतो. तसंच फ्रेंच लोक फुटबॉलमधल्या एक्स्ट्रा टाइमला प्रोलाँगासियाँ म्हणतात, सामना संपायला हवा होता पण बरोबरी झाली म्हणून चालू ठेवला.

प्रोट्रॅक्ट हा प्रोलाँगचा कंटाळवाणा भाऊ. लॅटिन त्राहेरे म्हणजे ओढणे, ट्रॅक्टरमध्ये तोच आहे, आणि कंपासपेटीतला कोनमापक म्हणजे प्रोट्रॅक्टर तो पण. वाटाघाटी, कोर्टातल्या केसेस, जमिनीचे वाद. मराठीत 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणावंसं वाटलं की प्रोट्रॅक्टेड लिहा. नुसतंच भिजत घोंगडं पडलं असेल, कोणी ओढतही नसेल, तर पेंडिंग पुरे.

प्रोक्रॅस्टिनेटमध्ये क्रास आहे, क्रास म्हणजे उद्या. उद्यावर ढकलणे. चालढकल. याला जास्त वेळ देत नाही, सगळ्यांना जमतं ते.

एमपीएससी किंवा यूपीएससी करणाऱ्यांनी एक शब्द वेगळा बघून ठेवा, प्रोरोग. राज्यघटनेच्या कलम ८५ मध्ये राष्ट्रपतींना संसदेचं आणि कलम १७४ मध्ये राज्यपालांना विधिमंडळाचं सत्र प्रोरोग करायचा अधिकार आहे, मराठीत सत्रसमाप्ती. म्हणजे सत्र संपवणं. पण मूळ शब्दाचा अर्थ बरोब्बर उलटा होता! प्रो म्हणजे पुढे, रोगारे म्हणजे विचारणे, रोममध्ये एखाद्या अधिकाऱ्याची मुदत वाढवायची तर सभेत जमलेल्या लोकांना विचारायला लागायचं. इ.स.पू. ३२७ मधला कॉन्सल (म्हणजे एका वर्षासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी) पुब्लिलियस फिलो हा निआपोलिसला, म्हणजे आजच्या नेपल्सला, वेढा घालून बसला होता आणि त्याचं वर्ष संपत आलं. वेढा अर्धवट टाकून नवीन माणूस पाठवणं कोणाला परवडणार, म्हणून ठरलं की मोहीम संपेपर्यंत यानेच कॉन्सलच्या जागी काम बघावं. असं मुदत वाढवून मिळालेला हा पहिला. तर प्रोरोग म्हणजे मुदतवाढ. मग इंग्लिशमध्ये आल्यावर मुदतवाढचं झालं पुढे ढकलणं, आणि राजाने पार्लमेंट पुढच्या सत्रापर्यंत ढकललं म्हणजे आत्ताचं सत्र संपलंच की, असं करत करत अर्थ फिरला. २०१९ साली ब्रिटनमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने पार्लमेंट असंच प्रोरोग केलं होतं आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने २४ सप्टेंबरला ते बेकायदा ठरवलं. परीक्षेत मूळ अर्थ विचारत नाहीत, पण आता तो विसरणार नाही तुम्ही.

पायरी ७: बोलायचं कसं

प्रोलाँग लिहिलं तरी बोलताना जोर दुसऱ्या तुकड्यावर, प्र-लाँऽग. आणि शेवटचा ग वेगळा वाजवायचा नाही, तो फक्त नाकात संपतो, वाङ्मय म्हणताना ङ् वर जे होतं ते. प्रलाँगिंग म्हणताना पण ग फुटत नाही. पण प्रोलाँगेशनमध्ये मात्र ग स्वच्छ येतो. असं का, याला इंग्लिशपाशी उत्तर असेल, मला ते पाठ करण्यापुरतं पुरलं.

पायरी ८: घरात शोधा

शब्द वापरात बघितल्याशिवाय बसत नाही, म्हणून हा शब्द घरात कुठे सापडतो ते बघायचं. आमच्याकडे बाबांच्या डायबेटिसच्या गोळीच्या पाकिटावर सापडला. चंदेरी पट्टी, मागे अगदी बारीक अक्षरात औषधाचं नाव मेटफॉर्मिन आणि पुढे प्रोलाँग्ड रिलीज टॅब्लेट्स. नावाच्या शेवटी काही कंपन्या पीआर लिहितात, काही एसआर (सस्टेन्ड रिलीज), काही ईआर (एक्स्टेंडेड रिलीज). बाबा ती गोळी मोठी आहे, घशात अडकते म्हणून चक्क खलबत्त्यात कुटून पाण्यातून घ्यायचे, त्याच खलबत्त्यात ज्यात आई वेलदोडे कुटते.

आता आपण शिकलोय त्यावरून वाचा ते नाव. रिलीज म्हणजे औषध सुटणं, ते प्रोलाँग्ड आहे, म्हणजे रेघेचं उजवं टोक मुद्दाम पुढे ओढलंय. पोटात गेल्यावर सगळं औषध एकदम न सुटता कित्येक तास थोडं थोडं सुटत राहावं अशी ती गोळी बनवलेली असते. ती कुटली की ती सगळी व्यवस्थाच मोडली, औषध एकदम सुटणार. म्हणून अशा गोळ्या कुटायच्या किंवा चावायच्या नसतात. काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते, त्या अर्ध्या करायच्या की नाही हे पण डॉक्टर नाहीतर केमिस्टला विचारूनच. आम्ही डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळी बदलून दिली आणि बाबांना जरा झापलं.

ईसीजीच्या रिपोर्टवर प्रोलाँग्ड क्यूटी लिहिलेलं असतं कधीकधी, तिथेही तेच, हृदयाच्या ठोक्यातला तो ठरावीक टप्पा नेहमीपेक्षा जास्त वेळ चालतोय. याचा अर्थ काय घ्यायचा ते डॉक्टर सांगतील, आपण फक्त शब्द वाचायचा. सनस्क्रीनवर, साफसफाईच्या केमिकलच्या बाटलीवर प्रोलाँग्ड एक्स्पोजर शोधा, हमखास मिळेल.

पायरी ९: करून बघा

खालची मराठी वाक्यं घ्या, रेघ काढा, टोक बघा, 'व' बघा, मुदतवाढ बसतं का प्रदीर्घ बसतं ते बघा आणि मग शब्द निवडा. उत्तरं लगेच वाचू नका.

हॉलवाल्याने साखरपुडा पुढच्या महिन्यावर ढकलला. फॉर्म भरायची तारीख ३१ पर्यंत वाढवली. प्रदीर्घ दुष्काळाने विहिरी आटल्या. सोसायटीची मीटिंग पार्किंगवरून लांबली. सोसायटीची मीटिंग पार्किंगवाल्या काकांनी लांबवली. बसमध्ये कोणीतरी मोबाइल लांबवला. पाऊस लांबला.

उत्तरं. पोस्टपोन, अख्खी रेघ सरकली. एक्स्टेंड, तारीख आहे. प्रोलाँग्ड ड्रॉट, प्रदीर्घ तिथे आयतंच बसलंय. चौथ्याला ड्रॅग्ड ऑन, तिथे 'व' नाही. पाचव्याला प्रोलाँग्ड, कारण काका आहेत. सहाव्याला स्टोल, परलॉइन्ड लिहिलंत तर पोलीस स्टेशनात कोणाला कळणार नाही. आणि सातव्याचं उत्तर देण्याआधी महिना कुठला ते विचारा.